नववीची वार्षिक आणि पुस्तक मिटून केलेला अभ्यास

मार्च संपत आला की दहावीची पोरं मोकळी होतात, बारावीची पण झालेली असतात, आणि मग घराघरातला अभ्यासाचा विषयच बंद पडतो. नववीच्या पोरांची वार्षिक परीक्षा मात्र अजून व्हायची असते. एप्रिलमध्ये, भर उन्हात. २०२५ साली एससीईआरटीने, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनं, पहिली ते नववीचं राज्यभर एकच वेळापत्रक लावलं, ८ ते २५ एप्रिल, तेव्हा आमच्या सांगलीत दुपारी बाहेर पाऊल टाकवत नव्हतं आणि पोरं पाण्याच्या दोन-दोन बाटल्या घेऊन पेपरला जात होती.

माझा धाकटा भाऊ आता नववीत आहे, सेमी इंग्लिशला, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. रात्री जेवणं आवरली की आम्ही दोघं हॉलमध्ये खाली सतरंजी टाकून बसतो आणि त्याची रिव्हिजन करतो, सगळे विषय, आलटून पालटून. हे लिहायचं कारण एवढंच की शेजारपाजारच्या बऱ्याच जणांनी विचारलं तुम्ही नक्की करता काय, आणि मला पण हे नीट मांडून ठेवायचं होतं.

आधी एक गोष्ट बोलून टाकते. "नववीचे मार्क कोण विचारतंय, दहावी महत्त्वाची" हे वाक्य मला अजिबात पटत नाही. दहावीचं निम्मं गणित नववीच्या खांद्यावर उभं आहे. त्रिकोणमितीची ओळख नववीत होते, निर्देशक भूमिती नववीत सुरू होते, दोन चलांतील रेषीय समीकरणं नववीत आहेत आणि दहावीच्या बीजगणिताचा पहिलाच धडा परत तोच आहे. नववीत आरशांसाठी जो चिन्हांचा संकेत शिकतो तोच दहावीत भिंगांना लागतो. आणि नववीची वार्षिक झाली की लगेच क्लासवाल्यांची दहावीची व्हेकेशन बॅच सुरू, तिथं कुणी मागे वळून नववीचं शिकवत बसत नाही. त्यामुळे नववीचं कच्चं राहिलेलं पक्कं करायला ही वार्षिक परीक्षा हीच खरी जागा आहे, मार्क किती पडतात ते नंतर.

आता मुख्य मुद्दा. भावाला विचारलं झालं का, की त्याचं उत्तर ठरलेलं, "ताई, झालंय की सगळं वाचून". आणि तो खोटं बोलत नाही, त्यानं खरंच वाचलेलं असतं, पुस्तकात पिवळा हिरवा हायलायटर मारलेला असतो, पान उघडलं की त्याला सगळं ओळखीचं वाटतं. अडचण तिथंच आहे. समोर दिसल्यावर ओळखणं आणि समोर काही नसताना आठवून लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पेपरात दुसरंच काम करायचं असतं. अमेरिकेत २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी यावर एक प्रयोग केला होता. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. हे वाचल्यापासून आमच्याकडे नियम एकच, रिव्हिजन पुस्तक मिटून सुरू होते. आधी कोऱ्या कागदावर जे येतं ते काढायचं, मग पुस्तक उघडायचं आणि जे राहिलं तेवढंच वाचायचं.

पण हे प्रत्येक विषयाला एकाच पद्धतीनं होत नाही, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. टाइमटेबलमध्ये सगळ्या विषयांना सारखा एक-एक तास दिला की आपल्याला वाटतं झालं नियोजन.

गणित घ्या. गणिताची रिव्हिजन वाचून होतच नाही, तरी पोरं सोडवलेली उदाहरणं वाचत बसतात, आणि वाचताना प्रत्येक पायरी पटत जाते म्हणून येतंय असं वाटतं. आम्ही सोडवलेल्या उदाहरणावर वही ठेवून ते झाकतो, फक्त प्रश्न दिसेल एवढाच भाग उघडा. तो सोडवतो, अडला की वही एक ओळ खाली सरकवायची, एकच. दुसरं म्हणजे एका सरावसंचातली सगळी गणितं ओळीनं करायची नाहीत. सरावसंचाला नाव असतं ना वर, त्यामुळे कोणती रीत लावायची हे आधीच कळलेलं असतं. पेपरात ते कुणी सांगत नाही. म्हणून मी संचाचं एक, बहुपदीचं एक, गुणोत्तर प्रमाणाचं एक, असं मिसळून देते, आणि आधी फक्त एवढंच विचारते की हे कशानं सुटेल, सोडव नंतर. बहुपदीला एखाद्या रेषीय बहुपदीनं भागून बाकी काढायची असेल तर लांबलचक भागाकार करायचा, सिंथेटिक डिव्हिजन करायचं की सरळ रिमेंडर थिअरम लावायचा, हा निर्णय घेता आला म्हणजे धडा आला असं मी धरते.

भूमिती हा आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळ खाणारा विषय, आणि मला सगळ्यात आवडणारा पण. प्रमेय पाठ करून पोरं सिद्धता अक्षरशः कवितेसारखी म्हणतात, आणि आकृतीतली अक्षरं बदलली की संपलं. मध्यबिंदूचं प्रमेय बघा, त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडले तर तो रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर असतो आणि तिच्या निम्मा असतो. विधान सगळ्यांना येतं. पण सिद्ध करताना तो रेषाखंड पुढे वाढवायचा कशाला, हे विचारलं की गप्प. मी त्याला कागदाचा त्रिकोण कापायला लावला, दोन मध्यबिंदू काढले, वरचा छोटा त्रिकोण कापून मध्यबिंदूभोवती फिरवून खाली चिकटवला. समांतरभुज चौकोन झाला. मग त्याला दिसलं की वाढवलेला तुकडा म्हणजे काय आहे. त्यानंतर सिद्धता त्यानं स्वतः लिहिली, अक्षरं मी मुद्दाम पी, क्यू, आर सोडून भलतीच दिली होती तरी. आणि प्रत्येक ओळीपुढे कारण. मी समोर बसून प्रत्येक ओळीला एकच शब्द विचारते, "कारण?" तो वैतागतो, पण कारण न लिहिता सोडलेल्या ओळीचे मार्क जातात आणि कारण माहीत नसलेली ओळ डोक्यातून पण जाते.

रचना राहिली. नववीत त्रिकोण रचनेचे तीन प्रकार आहेत, पाया, पायालगतचा कोन आणि उरलेल्या दोन बाजूंची बेरीज दिलेली, तसंच बेरजेऐवजी वजाबाकी दिलेली, आणि परिमिती व पायालगतचे दोन्ही कोन दिलेले. यात कंपास हातात घ्यायच्या आधी कच्ची आकृती काढणं यातच सगळं आहे. कच्ची आकृती बरोबर आली की लंबदुभाजक कुठला घ्यायचा ते आपोआप दिसतं. आणि पेन्सिलला टोक करा, खरंच, बोथट पेन्सिलीनं काढलेली रचना दोन-तीन मिलिमीटरनं चुकते.

विज्ञानात पोरांना आकड्यांची भीती असते आणि ते आकडे पाठ करत सुटतात. त्यातले कितीतरी पाठ करायची गरज नाही. प्रतिध्वनी ऐकू यायला अडथळा किमान १७.२ मीटर लांब हवा, हे वाक्य भाऊ घोकत होता. मी म्हटलं हवेत आवाज सेकंदाला ३४४ मीटर जातो, २२ अंश तापमानाला, हे तुला माहितीये, आणि दोन आवाज वेगळे ऐकू यायला ०.१ सेकंद मध्ये जावा लागतो हे पण माहितीये, मग काढ. ३४.४ मीटर. पण आवाज जातो आणि परत येतो, म्हणून निम्मं, १७.२. त्याच्या तोंडावर जो उजेड पडला ना तो बघायला मी रोज बसायला तयार आहे! आता तो आकडा विसरला तरी चालेल, तो परत काढेल.

आरशांसाठी स्टीलचा नवा डाव घ्या. आतली बाजू अंतर्वक्र, बाहेरची बहिर्वक्र. आतल्या बाजूत लांबून बघितलं की चेहरा उलटा, बाहेरच्या बाजूत कुठूनही बघा, सुलटा आणि लहान. हे एकदा हातात धरून झालं की मग कोऱ्या कागदावर अंतर्वक्र आरशाच्या सहाही किरणाकृती न बघता काढायच्या. वस्तू अनंत अंतरावर, वक्रता केंद्रापलीकडे, वक्रता केंद्रावर, केंद्र आणि नाभी यांच्या मध्ये, नाभीवर, आणि नाभी व ध्रुव यांच्या मध्ये. शेवटच्या स्थितीत प्रतिमा आरशामागे, सुलटी, मोठी आणि आभासी, दाढीचा आरसा असतो तो हाच. गणितात चुका होतात त्या सूत्रामुळे नाही, चिन्हांमुळे होतात, अंतर्वक्र आरशाचं नाभीय अंतर ऋण घ्यायचं विसरतात. म्हणून उदाहरण सोडवायच्या आधी प्रत्येक दिलेल्या राशीपुढे अधिक की उणे ते लिहायचं, मग सूत्र. तसंच गतीच्या धड्यात किलोमीटर प्रति तास आधी मीटर प्रति सेकंदात आणायचं, ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २०, आणि मगच न्यूटनची समीकरणं.

वनस्पतींचं वर्गीकरण आम्ही अंगणात केलं. जिन्याच्या भिंतीवर पावसाळ्यात येणारं शेवाळं असतं त्यातलं मऊ मखमली मॉस म्हणजे ब्रायोफायटा, शेजारच्या काकूंच्या कुंडीतलं फर्न म्हणजे टेरिडोफायटा, त्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके त्यानं भिंगातून बघितले, ते बीजाणूंचे पुंजके. मक्याचं पान आणि जास्वंदीचं पान शेजारी ठेवलं, एकाच्या शिरा समांतर आणि दुसऱ्याच्या जाळीदार. अर्ध्या तासात धडा संपला.

भूगोलाबद्दल मला खूप बोलायचंय कारण या विषयावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. आदल्या दिवशी वाचू म्हणून सोडतात. नववीत वृष्टीचा धडा आहे, आरोह, प्रतिरोध आणि आवर्त पाऊस. पुस्तकात प्रतिरोध पर्जन्याची आकृती आहे, एका बाजूला डोंगर, ढग, दुसऱ्या बाजूला पर्जन्यछाया, म्हणजे कमी पावसाचा भाग. आता सांगली जिल्ह्यात राहणाऱ्या पोराला ही आकृती पाठ करायला लागावी? आपल्याच जिल्ह्यात पश्चिमेला शिराळा, चांदोली, तिथं पावसाळ्यात छत्री टिकत नाही, आणि पूर्वेला जत, आटपाडी, तिथं टँकर. मी भावाला जिल्ह्याचा नकाशा न बघता काढायला लावला, त्यावर सह्याद्रीची रेघ, वाऱ्याचा बाण नैऋत्येकडून, आणि विचारलं की बाष्प कुठं उतरेल. त्यानं सगळा धडा मलाच शिकवला. मग तो म्हणाला की म्हणजे मामाच्या गावाला डाळिंब का लावतात ते यामुळंच काय? हो, यामुळंच. त्या दिवशी आम्ही पुढचं काहीच केलं नाही, तेवढ्यावर थांबलो.

आंतरराष्ट्रीय वाररेषा हा दुसरा धडा जो डोक्यावरून जातो. पूर्वेकडे जाताना एक दिवस कमी करायचा की जास्त, यात सगळ्यांचा गोंधळ. नियम पाठ करण्यापेक्षा सामोआची गोष्ट सांगा. सामोआ हा पॅसिफिकमधला बेटांचा देश, वाररेषेच्या अमेरिकेकडच्या बाजूला होता, पण व्यापार सगळा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी. यांच्याकडे शुक्रवार तेव्हा तिकडे शनिवार, तिकडे सोमवार उजाडला तरी यांच्याकडे रविवारच, आठवड्यातले जेमतेम चार दिवस दोघांची ऑफिसं एकाच वेळी चालू. म्हणून २०११ साली त्यांनी बाजू बदलली. गुरुवारी २९ डिसेंबरला लोक झोपले आणि उठले ते थेट शनिवारी ३१ डिसेंबरला. ३० डिसेंबर त्यांच्याकडे झालाच नाही. भावाचा पहिला प्रश्न, त्या दिवशी ज्यांचा वाढदिवस होता त्यांचं काय! पण ही गोष्ट ऐकल्यावर अमेरिकेच्या बाजूनं आशियाच्या बाजूला आलं की एक दिवस पुढे जातो हे तो आयुष्यात विसरणार नाही. उलट गेलं की तोच वार परत. वेळेची गणितं पण अशीच, एका रेखांशाला चार मिनिटं एवढंच लक्षात ठेवायचं, भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्वेवर, गुणिले चार म्हणजे ३३० मिनिटं, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे.

इतिहास आम्ही आजीकडून करून घेतो. नववीचा इतिहास १९६० नंतरच्या भारताचा आहे, म्हणजे आजीच्या डोळ्यांसमोरचा. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून एकाला एक चिकटवली आणि त्यावर लांब रेघ मारली. वरच्या बाजूला पुस्तकातलं, १९६५ चं पाकिस्तानशी युद्ध, १९६६ च्या जानेवारीत ताश्कंद करार, १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण, १९७१ चं युद्ध आणि बांगलादेश, १९७४ ला पोखरण, १९७५ ला एप्रिलमध्ये आर्यभट्ट उपग्रह आणि जूनमध्ये आणीबाणी, १९७७ ला ती उठली, १९९१ चं नवं आर्थिक धोरण. खालच्या बाजूला आजीचं. १९६७ चा डिसेंबर, पहाटे कोयनेचा भूकंप, आजी तेव्हा लहान होती, सगळे अंगणात येऊन बसले होते म्हणाली. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडीचा खाऊ, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. भाऊ विचारतो, "आजी, आणीबाणी आली तेव्हा तू कुठं होतीस?" आणि आजी म्हणते आरं तेव्हा तुझा बाप पोटात होता. आता आणीबाणीचं साल त्याला कुणी विचारलं तर तो पप्पांच्या जन्मसालावरून सांगतो. एका सालाला आपल्या घरातलं काहीतरी लागलं की ते साल सुटत नाही. ज्यांच्याकडे आजी-आजोबा आहेत त्यांनी हे नक्की करा, त्यांना पण फार बरं वाटतं, आमची आजी आता दुपारीच विचारते आज कुठलं साल.

राज्यशास्त्र थोडक्यात आटपतं, संयुक्त राष्ट्रांची रचना एका तक्त्यात बसते, सुरक्षा परिषदेचे ५ कायम आणि १० अस्थायी सदस्य, बाकी "संकल्पना स्पष्ट करा" ला दोन वाक्यं स्वतःच्या शब्दांत आणि एक उदाहरण.

मराठीला गाईडमधली उत्तरं पाठ करणं बंद करा, कृतिपत्रिकेत उतारा समोरच दिलेला असतो, तो नीट वाचता आला की पहिल्या दोन प्रश्नांचे बरेच मार्क हातात येतात. वेळ द्यायचा तो उपयोजित लेखनाला, कारण तिथं ८० पैकी २४ मार्क असतात आणि पोरं ते शेवटच्या वीस मिनिटांत उरकतात. आम्ही घड्याळ लावून लिहितो, एक पत्र, एक जाहिरात किंवा बातमी, एक निबंध. हिंदीत मराठीची सवय नडते, आपण व्यक्ती, कवी दीर्घ लिहितो, हिंदीत व्यक्ति, कवि ऱ्हस्व. संस्कृतची रूपं मात्र मोठ्यानं म्हणायचीच, फेऱ्या मारत, गच्चीवर, आणि घरच्यांना एक विनंती, पोरगं पुस्तकाशिवाय पुटपुटत फिरत असेल तर "पुस्तक हातात घे आधी" असं म्हणू नका. तेव्हाच त्याचा खरा अभ्यास चाललेला असतो. इंग्रजीला रोज एक अनसीन पॅसेज, एवढंच करतो.

वेळेचं म्हणाल तर एका दिवशी एक अख्खा विषय संपवायचा नाद आम्ही सोडला. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकानं १८८५ मध्येच दाखवून दिलंय की शिकलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच सगळ्यात भराभर विसरतं. म्हणून आज केलेला धडा उद्या दहा मिनिटं, परत तीन-चार दिवसांनी दहा मिनिटं, परत आठवड्यानं, कागदावर, न बघता. सकाळी ऊन तापायच्या आधी गणित, दुपारी झोप, संध्याकाळी पाठांतराचं, रात्री माझ्यासोबत उरलेलं. आयपीएलच्या शेवटच्या ओव्हर्स बघायला सुट्टी, त्यावर मी पण बसते. पेपरच्या आदल्या रात्री नवीन काही उघडायचं नाही आणि दहाला दिवा बंद.

आणि निकालाच्या दिवशी फक्त प्रगतीपुस्तक घेऊन घरी येऊ नका. सरांना, बाईंना विनंती करून तपासलेले पेपर बघायला मागा, बऱ्याच शाळा दाखवतात. कुठल्या धड्याचे मार्क गेले ते रफ वहीच्या मागच्या पानावर लिहून आणा. भावाला मी सांगून ठेवलंय, त्या पानावर जे काही येईल ते मे महिन्यात आपण दोघं संपवू, आणि दहावीच्या बीजगणिताचं पुस्तक त्याच्यानंतर उघडू.